कोणता टन?

परवा नातवाने विचारले, "आजोबा, टायटॅनिक जड की आपली विक्रांत?" पुस्तकात टायटॅनिक ४६,३२८ टन. २०२२ साली नौदलात आलेली विक्रांत पूर्ण भरल्यावर सुमारे ४३ हजार टन. मी मास्तरी थाटात सांगून टाकले, टायटॅनिक तीन हजार टनांनी जड. मग सहज वाचायला बसलो आणि ओशाळलो. मी पायलीतून शेर वजा केले होते!

टायटॅनिकचा तो आकडा वजनाचा नाहीच. तो बोटीतल्या बंदिस्त जागेचा. १०० घनफूट जागा म्हणजे एक नोंदणी टन. या 'टन'चे मूळ दारूच्या मोठ्या पिंपात आहे. जहाजात पिंपे किती मावतात यावर कर बसायचा. विक्रांतचा आकडा मात्र ती बाजूला सारते त्या पाण्याच्या वजनाचा, म्हणजे आर्किमिडीजच्या नियमाने तिच्याच वजनाचा. युद्धनौका अशाच मोजतात. या मापाने टायटॅनिक ५२ हजार टनांच्या वर जाते. तिसरा टन तेलाच्या टँकरचा आणि धान्य-कोळसा नेणाऱ्या जहाजांचा: माल, इंधन, पाणी, माणसे धरून ते किती ओझे पेलेल. कंटेनरची जहाजे तर २० फुटी खोकी मोजतात.

१९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर जागेच्या मापाला एककही उरले नाही, तो नुसता आकडा आहे. तरी वर्तमानपत्रे प्रवासी जहाजापुढे बिनदिक्कत 'टन' छापतात. आमच्या आईला पायलीभर पोहे आणि पायलीभर ज्वारी यांच्या वजनातला फरक शिकवावा लागला नव्हता. माझे मत विचाराल तर, कोणता टन ते न सांगता दिलेला आकडा पाठ्यपुस्तकात असूच नये.

पण या सगळ्या मापांत मला आवडले ते जहाजाच्या अंगावर बाहेरून रंगवलेले. इंग्लंडात मालक जुनी जहाजे वाजवीपेक्षा जास्त भरून पाठवत. बुडाले तर विम्याचे पैसे मिळत, खलाशी जीवानिशी जात. सॅम्युअल प्लिमसोल नावाचे खासदार पार्लमेंटात यावर भांडले आणि १८७६ साली भाररेषेचा कायदा झाला. गंमत अशी, की रेषा काढणे सक्तीचे, पण कुठे काढायची ते मालकाच्या मर्जीवर! ती जागा कायद्याने ठरायला १८९० उजाडले. आज त्या रेषेशेजारी उन्हाळा, हिवाळा, गोडे पाणी अशा वेगवेगळ्या खुणा असतात.

बाकीचे टन कागदावर राहतात, बंदराची फी ठरवतात. ही रेषा धक्क्यावर उभ्या असलेल्या अडाणी हमालालाही वाचता येते. ती पाण्याखाली गेली की जहाज जादा भरले, बस्स. ज्याचा जीव टांगणीला लागतो त्याला वाचता येईल असेच माप हवे, आणि ते कुठे लावायचे हे मालकाने ठरवू नये.

असो. नातवाला फोन करून चूक कबूल केली. तो म्हणाला, "म्हणजे टायटॅनिकच जड ना?" उत्तर बरोबर होते, रीत चुकली होती. वर्गात असतो तर स्वतःचे अर्धे गुण कापले असते.