मत आपल्या माणसाला, की गाण्याला?

गेल्या नवरात्रात आमच्या आळीत गाण्याची स्पर्धा झाली. बक्षीस ठरणार होतं टाळ्यांवर. जीवना बंदराकडून आलेली एक मुलगी इतकी सुरेल गायली, की मागे गप्पा मारत बसलेल्या बायकाही गप्प झाल्या. आमच्या आळीतली मुलगी मात्र कडव्याचे शब्द विसरली. तरी पहिलं बक्षीस तिलाच! टाळ्या वाजवायला मीही पुढे होते, खोटं कशाला बोलू? त्या कोळीवाड्यातल्या मुलीची आई आमच्या बचत गटात आहे. दुसऱ्या दिवशी हप्ता भरताना म्हणाली, ‘‘ताई, पोरगी म्हणते, आता नाय जायची मी गायला.’’

तेव्हापासून मला अभिजीत सावंत सारखा आठवतोय. २००५ साली तो पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला, तेव्हा मराठी मुलगा जिंकला म्हणून घरोघरी कोण आनंद! एसएमएसला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडत, तरी आपण पाठवले. २००७ मध्ये प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगने तेच केलं. तो जिंकल्यावर रेडिओवर त्याच्याबद्दल कोणीतरी अचकट बोललं, तर सिलिगुडीत दंगल होऊन लष्कर बोलवावं लागलं. गाण्याच्या स्पर्धेपायी लष्कर! तो गायला कसा, हे त्या गदारोळात कोणाच्या लक्षात राहिलं असेल?

त्याच वर्षी डिसेंबरात जाकार्ताला ‘एशियन आयडॉल’ झालं. सहा देशांचे सहा विजेते, भारताकडून आपला अभिजीत. आता लोकसंख्येवरच निकाल लागायचा तर बाकीच्यांनी घरीच बसावं. म्हणून तिथे नियम होता, मत देताना दोन नावं द्यायची. एक आपल्या देशाचं दिलंत तरी दुसरं परक्याचं द्यावंच लागणार. आणि जिंकला कोण? चिमुकल्या सिंगापूरचा हादी मिर्झा! आपण हिरमुसलो. पण मला आता त्या नियमाचं फार कौतुक वाटतं. दुसरं नाव लिहायचं तर दुसऱ्याचं गाणं ऐकायला नको? युरोपातली ‘युरोव्हिजन’ स्पर्धा तर १९५६ पासून चालू आहे. तिथे प्रेक्षकांना स्वतःच्या देशाला मतच देता येत नाही. तरी शेजारी शेजाऱ्याला सांभाळून घेतो, अशी कुरकुर असतेच म्हणा. माणसं इथून तिथून सारखीच!

आणि २००९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’ला आम्ही तरी काय वेगळं केलं? मुग्धा वैशंपायन अलिबागची, म्हणजे आपल्या रायगडची, म्हणून आमची मतं तिला. ती गोड गायचीच, प्रश्न तो नाही. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, तिचं गाणं मी मन लावून ऐकलं ते त्यानंतर.

यंदा महिला मंडळात मी सुचवलंय, टाळ्या बंद. प्रत्येकीने चिठ्ठीवर दोन नावं लिहायची, त्यातलं एक आपल्या आळीबाहेरचं. ‘‘आपल्याच मुलींवर अन्याय होईल,’’ असं दोघी-तिघी म्हणाल्या. शेवटी हो-ना करता करता ठरलं एकदाचं.

बंदरावरून मात्र अजून एकही नाव आलेलं नाही. फोनवर बोलून भागेलसं वाटत नाही. उद्या सकाळी मासळीला जाईन तेव्हा त्या मुलीच्या घरी जाऊन येते. माफी आधी मागायची की नाव आधी, ते काही अजून सुचलेलं नाही.