टोपणनावाचा आधार : ‘समाजस्वास्थ्य’पासून यवतमाळपर्यंत

१/ ३० डिसेंबर २०१७. यवतमाळ शहरातील एका हॉटेलात एक विवाहसोहळा पार पडला. एक वर मूळचा यवतमाळचा, शिक्षणाने अभियंता आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत राहणारा. दुसरा वर परदेशी. कुटुंबीय व मित्रमंडळींच्या उपस्थितीत झालेल्या या सोहळ्याची वार्ता जानेवारी २०१८ मध्ये वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून साऱ्या महाराष्ट्रात पोहोचली.

२/ त्या दिवशीचा कायदा काय होता, हे आधी पाहावे लागते. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ तेव्हा लागू होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला. म्हणजे समारंभ करणे हा गुन्हा नसला, तरी त्या दोघांचे सहजीवन कायद्याच्या दृष्टीने जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेच्या छायेत होते.

३/ अशा काळात, मुंबई-पुण्यात नव्हे तर कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी हे घडले. बातमीखालच्या प्रतिक्रियांत कौतुक होते आणि शिव्याशापही होते. परंतु पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा येथे आपल्या खोलीत दार लावून ती बातमी वाचणाऱ्या एखाद्या तरुणाला त्या दिवशी एक गोष्ट प्रथमच कळली असेल : आपल्यासारखे कोणीतरी आपल्याच जिल्ह्यात आहे.

४/ समाजमाध्यमांवरील चळवळीने समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्तींना नेमके काय दिले, या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते. ‘जनजागृती’ हा शब्द फार ढोबळ आहे. खरी देणगी दोन गोष्टींची : नाव न सांगता प्रश्न विचारण्याची मुभा आणि आपल्या भाषेत मिळणारे शांत उत्तर. या दोन्ही गोष्टींचा मराठीतला इतिहास मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे.

५/ जुलै १९२७ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. संततिनियमन व लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. वाचक पत्राने प्रश्न विचारत आणि कर्वे मासिकातून उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीचे प्रश्नही त्यांत होते. घरात, शाळेत वा देवळात जे विचारणे अशक्य, ते पोस्टाने विचारता येत होते.

६/ या प्रश्नोत्तरांमुळेच १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही आणि वाचक शंका विचारत असतील तर त्यांना ज्ञान नाकारणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही.

७/ ‘ही सगळी पाश्चात्त्य खुळे, इंटरनेटने आणलेली’ असे म्हणणाऱ्यांनी हा खटला आठवावा. फेसबुकच्या सत्तर वर्षे आधी मराठी वाचक हे प्रश्न विचारत होते आणि मराठी संपादक त्यासाठी दंड भरत होता. परदेशातून काही आलेच असेल तर ते कलम ३७७. मेकॉलेच्या मसुद्यातून वाढलेली दंड संहिता १८६० साली संमत झाली आणि १८६२ पासून लागू झाली.

८/ कर्व्यांनंतर हा धागा बराच काळ विरळ झाला. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. १९९८ मध्ये ‘गे बॉम्बे’ हा गट ईमेलच्या आधारे उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि मराठीत सातत्याने लेखन केले. मराठी घरातल्या आई-वडिलांच्या हाती देता येईल असे साहित्य त्यातून निर्माण झाले.

९/ तरीही ही वर्तुळे प्रामुख्याने महानगरांची होती. जिल्ह्याच्या गावी सायबर कॅफे असे. पण तेथे पडद्यामागेही मालकाची नजर असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि खाजगी पडदा हातात आला. यवतमाळच्या सोहळ्याची बातमी यानंतर अवघ्या सव्वा वर्षाने आली. काही वर्षे आधी ती आली असती, तर उमरखेडच्या त्या तरुणाला ती वृत्तपत्रात सर्वांसमक्ष, नजर चोरून वाचावी लागली असती.

१०/ ऑनलाइन संघटनेचा कायद्यावर परिणाम होतो का? २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या समुदायाचा उल्लेख अत्यल्प संख्येचा असा केला होता. दीडशे वर्षांत दोनशेहून कमी लोकांवर खटले चालले, असाही मुद्दा त्यात होता. त्यानंतर चारच दिवसांनी, १५ डिसेंबर २०१३ रोजी, भारतातील आणि परदेशातील अनेक शहरांत एकाच दिवशी निदर्शने झाली. त्यांची आखणी समाजमाध्यमांवर झाली होती. ज्यांना ‘अत्यल्प’ म्हटले गेले, ते एकमेकांना दिसू लागले.

११/ पुढचा टप्पा अधिक ठोस आहे. आयआयटींमधील आजी-माजी विद्यार्थ्यांचा ‘प्रवृत्ती’ नावाचा अनौपचारिक गट ऑनलाइन संपर्कातून वाढला. त्यातील वीस जणांनी मे २०१८ मध्ये कलम ३७७ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ज्या कायद्याने आपण गुन्हेगार ठरतो, त्याच कायद्याविरुद्ध स्वतःचे नाव लावून उभे राहणे सोपे नव्हते. टोपणनावाने एकत्र आलेली माणसे येथे खऱ्या नावाने न्यायालयात गेली.

१२/ ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात, इतिहासाने या समुदायाची क्षमा मागायला हवी, अशा आशयाचे मत नोंदवले. यवतमाळच्या सोहळ्यानंतर आठ महिने आणि काही दिवस लोटले होते.

१३/ येथवरची कथा उत्साहवर्धक आहे. पण ती येथेच थांबवली तर अपुरी ठरेल. ज्या वराचा सोहळा यवतमाळने पाहिला, त्याच्यापाशी उच्च शिक्षण, परदेशातील नोकरी आणि परतीचे तिकीट होते. शेतमजूर कुटुंबातील, गावातच राहणाऱ्या, भावकीच्या नजरेखाली जगणाऱ्या व्यक्तीपाशी यांपैकी काहीच नसते. उघडपणाचे कौतुक करताना त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे विसरणे अन्याय्य आहे. एखाद्याने टोपणनावच राखले, तर त्याला भित्रा ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

१४/ शिवाय आधार देणारा मोबाइल घावही घालतो. ओळखीच्या ॲपवर खोटे खाते काढून भेटीस बोलवायचे, चित्रीकरण करायचे आणि घरी सांगण्याची धमकी देऊन पैसे उकळायचे, हा प्रकार महाराष्ट्रात वारंवार उघडकीस आला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैन येथील एका सोळा वर्षांच्या मुलाने साडीतील एका रीलवर आलेल्या द्वेषपूर्ण शेऱ्यांच्या भडिमारानंतर आत्महत्या केल्याचे वृत्त देशभर प्रसिद्ध झाले. तेथे शेरे लिहिणारे बहुतेक हात निनावीच होते. टोपणनाव ढाल होते, तसे शस्त्रही होते.

१५/ म्हणून ऑनलाइन पाठिंब्याची कसोटी ‘लाइक’च्या संख्येवर लागत नाही, त्यातून माणसाच्या हाती काय पडले, यावर लागते. २०१८ पूर्वी खंडणीचा बळी पोलीस ठाण्यात जाऊ शकत नव्हता, कारण तक्रार करताच तोच आरोपी ठरण्याची भीती होती. आता ती भीती कायद्याने उरलेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार खंडणी हा गुन्हा आहे. ही साधी माहिती मराठीत, सोप्या शब्दांत पसरवणे हे शंभर घोषणांपेक्षा मोलाचे काम आहे.

१६/ अशीच आणखी काही माहिती. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्यानुसार ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात आणि नोव्हेंबर २०२० पासून त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतील किती जणांपर्यंत हे पोहोचले, हा चळवळीने स्वतःला विचारावयाचा प्रश्न आहे.

१७/ उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगाव्या लागतील. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता दिली नाही. त्यामुळे यवतमाळसारखा सोहळा आजही कायद्याच्या लेखी विवाह नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ३७७ ला समांतर कलमच नाही. परिणामी प्रौढ पुरुषावरील बळजबरीसाठी असलेली विशिष्ट तरतूदही नाहीशी झाली. हॅशटॅगच्या जल्लोषात ही त्रुटी दुर्लक्षित राहिली.

१८/ जमिनीवरील लढ्याला पर्याय नाही, याचे मराठी उदाहरण जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकचे. तेथे अंजली पाटील यांचा महिला प्रवर्गातील उमेदवारी अर्ज फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, दाद मिळवली आणि जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायत सदस्य म्हणून निवडून आल्या. बातमी समाजमाध्यमांनी दूरवर नेली. निकाल मात्र वकिलाने, न्यायालयाने आणि गावच्या मतदारांनी दिला.

१९/ यवतमाळने व्यासपीठाचा प्रश्न आणखी एका रूपात पाहिला आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यांचे न झालेले भाषण मात्र मराठीत भाषांतरित होऊन हजारो पडद्यांवर वाचले गेले. ज्याला मंडप नाकारला जातो, त्याला पडदा मिळू शकतो. पण मंडपातील रिकामी खुर्ची त्याने भरत नाही. ती मागावीच लागते.

२०/ इतिहासप्रेमी तरुणांसाठी यात एक वेगळे कर्तव्य दडले आहे. ‘समाजस्वास्थ्य’चे अंक कागदावर छापले गेले, म्हणून आजही वाचता येतात. याहू ग्रुप्सवरील मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये पुसला गेला; त्यासोबत भारतातील कित्येक समलिंगी गटांची वर्षानुवर्षांची संभाषणे गेली. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि लहान गावांतील असंख्य पारलिंगी व समलिंगी तरुणांचे नाच, विनोद, आपबिती एका रात्रीत अदृश्य झाले.

२१/ म्हणजे १९३३ सालच्या वाचकाचा प्रश्न आज सापडतो, पण २०१९ सालच्या तरुणाचा व्हिडिओ सापडत नाही. उद्या कोणी यवतमाळ जिल्ह्याचा सामाजिक इतिहास लिहू लागला, तर त्याच्या हाती पोलीस नोंदी आणि सनसनाटी मथळेच लागतील. त्या माणसांचे स्वतःचे शब्द नसतील. इतिहासाने क्षमा मागावी असे न्यायालय म्हणते, तेव्हा कोणाची आणि कशाबद्दल हे सांगणारी कागदपत्रे तरी हवीत.

२२/ म्हणून जपणूक हीदेखील चळवळच आहे. मात्र ती संमतीने व्हावी. कोणाचे खरे नाव, छायाचित्र, गाव त्याच्या परवानगीविना साठवणे वा पसरवणे हा आधार नव्हे, विश्वासघात आहे. ज्येष्ठ तृतीयपंथीयांच्या मुलाखती मराठीत, वऱ्हाडीत, बंजारा आणि गोंडी बोलीत नोंदवता येतील. टोपणनावाने लिहिलेले लेख टोपणनावानेच जपता येतील. कर्व्यांच्या पत्रलेखकांची नावे न कळताही त्यांचे प्रश्न आज अमोल ठरतातच.

२३/ १९३४ चा खटला हरला, तरी प्रश्न विचारणे थांबले नाही. त्या पत्रलेखकाला उत्तराची वाट पाहत महिना काढावा लागे आणि छापील अंक उशीखाली लपवावा लागे. आज उत्तर क्षणात येते. ते खरे असावे, मराठीत असावे आणि ते वाचून पोलीस ठाणे, दवाखाना वा जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढण्याचे बळ वाचणाऱ्याला मिळावे, एवढी जबाबदारी उत्तर देणाऱ्यांची आहे.

(धागा समाप्त)