सायकल चोरीला जाते, तेव्हा नेमके काय जाते?

संध्याकाळी गर्दीच्या वेळी मुंब्रा, कल्याण किंवा डोंबिवली स्टेशनबाहेर पाच मिनिटे उभे राहून पाहा. लोकलमधून उतरलेली माणसे थेट शेअर रिक्षाच्या रांगेकडे धावतात. कुणाला कौशाला जायचे असते, कुणाला दूधनाक्याला किंवा गोविंदवाडीला, कुणाला एमआयडीसीकडे. बहुतेकांचे अंतर दोन-तीन किलोमीटरचे. तेवढ्यासाठी रांगेत ताटकळायचे आणि सकाळ-संध्याकाळ भाडे मोजायचे. पगार बेताचा असेल तर ते भाडे महिनाअखेरीस चांगलेच जाणवते. हेच अंतर सायकलवर दहा-पंधरा मिनिटांत कापता येते.

स्टेशनवर सायकल घ्यायची, घराजवळच्या स्टँडवर लावायची आणि निघून जायचे, ही कल्पना आपल्या शहरांत चैनीची नाही, गरजेची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. सायकल हे आजही कष्टकऱ्याचे वाहन आहे.

ठाणे महापालिकेने खासगी कंपनीला सोबत घेऊन शहरात सायकल स्थानके उभारली होती. तो प्रयोग रुजला नाही. अशी योजना का फसते, असे कुणालाही विचारा, पहिले उत्तर ठरलेले असते : ‘आपल्याकडचे लोक चोरतात, तोडतात, त्यांना शिस्तच नाही.’ हे वाक्य उच्चारताना बोट कोणत्या वस्त्यांकडे वळते, हे मुंब्र्यात, राबोडीत किंवा कल्याणच्या दूधनाक्यावर वाढलेल्या मुलाला सांगावे लागत नाही. म्हणूनच या प्रश्नावर आपण बोलले पाहिजे, आणि तेही दोन्ही बाजूंनी. चोरी होते, हे नाकारून चालणार नाही. सगळे खापर चोरीवर फोडणेही खरे नाही.

शेजारच्या पुण्याचे उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे स्मार्ट सिटीने औंध आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परिसरात ‘पेडल’च्या सायकली आणल्या. पुढच्या काही महिन्यांत ओफो, युलू, मोबाइक अशा कंपन्या आल्या. मोबाइलवर कोड स्कॅन केला की कुलूप उघडायचे. भाडे अगदी नाममात्र. विद्यार्थ्यांनी, नोकरदारांनी सायकली भरपूर चालवल्या. मग बातम्या येऊ लागल्या : कुलूप फोडले, सीट पळवली, सायकल सोसायटीच्या आत नेऊन ठेवली, काही तर नदीनाल्यात सापडल्या. पुढच्या दोनेक वर्षांत त्या रस्त्यावरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. ओफो ही चिनी कंपनी २०१८ च्या मध्यातच भारत सोडून गेली, कारण तिचा जगभरचा व्यवसायच डळमळला होता. त्या काळात या कंपन्या गुंतवणूकदारांच्या पैशावर शहरामागून शहर काबीज करत होत्या. आधी सायकली ओतायच्या, देखभालीचे पुढे पाहू, अशी ती घाई होती. मोडलेली सायकल आठ दिवस तशीच पडून राहिली की तिची सीट जाते, मग चाक जाते आणि शेवटी सांगाडा उरतो. चोराला पहिले आमंत्रण दुर्लक्षातून मिळते.

आणि सायकली मोडण्याचा आजार केवळ ‘आपल्याकडचा’ आहे, असेही नाही. पॅरिस शहराने जुलै २००७ मध्ये ‘वेलिब’ ही सार्वजनिक सायकल योजना सुरू केली. पहिल्या दोन वर्षांत तिथल्या २०,६०० सायकलींपैकी सुमारे ८० टक्के चोरीला गेल्या किंवा मोडतोडीत खराब झाल्या. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमधून मोबाइकने सप्टेंबर २०१८ मध्ये काढता पाय घेतला, तोही चोरी आणि नासधुशीचे कारण देऊन. तेव्हा शिस्त कुणाच्या रक्तात असते आणि कुणाच्या नसते, ही चर्चा इथेच थांबवलेली बरी.

पॅरिसची गोष्ट आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. तिथेही संशयाची सुई शहराबाहेरच्या गरीब उपनगरांतील, स्थलांतरितांच्या मुलांकडे वळली. ती चर्चा चालू असताना काही अभ्यासकांनी वेगळाच मुद्दा मांडला : या सायकली शहराच्या मध्यभागी राहणाऱ्या सुखवस्तू वर्गाच्या आहेत, अशी त्या मुलांची भावना झाली होती आणि तो राग सायकलवर निघत होता. योजना सुरू झाली तेव्हा स्थानके पॅरिसच्या हद्दीतच होती, ती लगतच्या उपनगरांत नंतर पोहोचली. रागाने तोडफोड समर्थनीय ठरत नाही. पण जी वस्तू माझ्यासाठी नाहीच, तिची राखण मी का करू, हा प्रश्न मात्र उरतो. पॅरिसने योजना गुंडाळली नाही. कंपनीशी झालेल्या कराराचा फेरविचार केला आणि चोरी ठरावीक प्रमाणाबाहेर गेली तर नुकसानाचा काही भार शहराने उचलायचे ठरवले. पुढे कंपनी बदलली, अडचणी आल्या, तरी तिथल्या सायकली आजही धावतात.

आता थोडे मागे जाऊ. घरच्या मोठ्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी नाक्यावर भाड्याच्या सायकलचे दुकान असायचे. तासाप्रमाणे पैसे, वहीत नाव, वेळ आणि सायकलचा नंबर. त्या दुकानात ना जीपीएस होते, ना कॅमेरा. तरी सायकल परत यायची, कारण दुकानदार समोर बसलेला असायचा, तो पोराच्या बापाला ओळखायचा आणि चेन उतरली तर स्वतः बसवून द्यायचा. सायकलला एक चेहरा होता. आजच्या योजनांत सायकल असते, ॲप असते, पण विचारायला माणूस नसतो. कुलूप उघडले नाही तर कुणाला सांगायचे? पैसे कापले गेले तर कुणाकडे जायचे? हेल्पलाइनवर बटणे दाबून थकलेल्या माणसाला ती सायकल आपली कशी वाटणार?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. सार्वजनिक सायकल टिकवायची असेल तर तिला जवळचा धनी हवा, आणि तो धनी वस्तीतच असतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका पुन्हा अशी योजना आणतील तेव्हा आपण चार गोष्टी मागायला हव्यात.

पहिली, स्थानके फक्त मोठ्या गृहसंकुलांजवळ आणि तलावाकाठी नकोत. मुंब्रा-कौसा, राबोडी, दूधनाका, रेतीबंदर इथेही हवीत, आणि पहिल्या टप्प्यातच हवीत. ‘तिथे चोरी होईल’ म्हणून वस्ती वगळायची आणि वगळलेल्या वस्तीवर पुन्हा संशय घ्यायचा, हे चक्र तोडले पाहिजे.

दुसरी, देखभालीचे काम स्थानिक सायकल मिस्त्रींना द्यावे. पंक्चर काढणारी, सायकल दुरुस्त करणारी कितीतरी माणसे आपल्या मोहल्ल्यांत आहेत. दर काही स्थानकांमागे असा एक पगारी माणूस असेल तर सायकलही टिकेल आणि रोजगारही मिळेल.

तिसरी, स्मार्टफोन आणि ऑनलाइन पैसे भरण्याची सोय ज्याच्याकडे नाही, त्यालाही सायकल मिळाली पाहिजे. म्हैसूरमध्ये २०१७ मध्ये ‘ट्रिण ट्रिण’ ही योजना सुरू झाली. तेव्हा तिथे नोंदणी करून, अनामत भरून स्मार्ट कार्ड घेता येत होते आणि सायकल ठरलेल्या स्थानकातच लावावी लागत होती. घेणारा कोण हे ठाऊक असले आणि परत कुठे लावायची हेही ठरलेले असले, की सायकल कुठेही बेवारस पडत नाही.

चौथी, करार लोकांपुढे मांडावा. सायकलींच्या बदल्यात ठेकेदाराला जाहिरातीचे फलक मिळणार असतील, तर किती फलक आणि किती चालू सायकली, याचा हिशेब दर महिन्याला जाहीर व्हावा. नाहीतर फलक झळकत राहतात आणि सायकली गंजत राहतात.

हे सगळे मागण्याचा हक्क आपल्याला आहेच. मात्र मागताना आपल्या अंगणातही झाडू मारावा लागेल. गल्लीत एखादा मुलगा कुलूप तोडलेली सायकल फिरवतो, ते आपल्याला दिसते. ‘सरकारी आहे, आपल्या बापाचे काय जाते’ म्हणून आपण हसतो. भंगारच्या दुकानात सायकलचा सांगाडा येतो, कुठून आला ते विचारले जात नाही. चोरीचा माल आहे हे कळत असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेनुसार वेगळा गुन्हा आहे, हे भंगारचा धंदा करणाऱ्या आपल्या भावांना आपणच सांगायला हवे. याच संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात, आणखी एक तरतूद आहे : चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. चुकलेल्या पोराला कायदाही परतीची वाट ठेवतो. मग आपण त्याला वेळीच हटकून ती सायकल स्टँडवर परत लावायला का सांगू नये? कुणाला तरी पकडून मारहाण करणे हा काही मार्ग नव्हे, आणि गप्प बसणे हाही नव्हे.

दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या वस्तूला आपण अमानत म्हणतो. सार्वजनिक सायकल हीदेखील अमानत आहे, फक्त ती सोपवणारा एक माणूस नसून सगळे शहर आहे. ती हरवली की तोटा कंपनीला होतोच, पण कंपनी आपला गाशा गुंडाळून दुसऱ्या शहरात जाते. मागे उरते ती पहाटेच्या लोकलसाठी अंधारात पायपीट करणारी नर्स, क्लासचे पैसे वाचवायला रिक्षा टाळणारी मुलगी आणि रात्रपाळी संपवून घरी परतणारा कामगार. चोरी होते ती त्यांच्या सायकलची.

पुढच्या वेळी प्रभागात सायकल स्थानकाचा विषय निघेल तेव्हा आपल्यातल्या दहा जणांनी उठून म्हणावे : स्टँड आमच्या मोहल्ल्यात द्या, राखण आम्ही करू. आणि मग ती खरोखरच करावी.