हे शेवटचे निवेदन

कुलगुरू महोदय, कुलसचिव महोदय,

हे आमचे पाचवे निवेदन आहे. सहावे येणार नाही.

आधीच्या चारही निवेदनांची पोच आमच्याकडे आहे. टपाल शाखेचा शिक्का आहे, आवक क्रमांक आहे. लेखी उत्तर एकाचेही नाही. तोंडी उत्तर दर वेळी एकच मिळाले : बघू.

आम्ही म्हणजे या विद्यापीठातले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, प्रयोगशाळा परिचर, संशोधक विद्यार्थी आणि कंत्राटी सफाई कामगार. इथली कुलपे सकाळी आम्ही उघडतो. संध्याकाळी आम्हीच लावतो.

पहिल्या निवेदनात एकच मागणी होती. समिती नेमा, इमारतींतून फिरा, कामाच्या जागचे धोके लिहून काढा. आम्ही थांबलो.

दुसऱ्या निवेदनानंतर उन्हाळा गेला. तिसऱ्यानंतर परीक्षा झाल्या. चौथ्यानंतर नवे प्रवेश झाले. आम्ही थांबलो.

मग आम्हीच फिरलो. गच्चीपासून तळघरापर्यंत, एकेक खोली. धोका कोणता, इजा कोणाला, किती गंभीर, किती लवकर, हे लिहीत गेलो. ती नोंदवही सोबत जोडली आहे.

काही नोंदी इथेही देतो. नोंदवही उघडलीच नाही, असे सांगायची सोय राहू नये.

नोंद पहिली. रसायनांचे भांडारगृह. वर पत्रे. खिडकी एकच, तीही खिळे ठोकून बंद. लाकडी फडताळावर इथरच्या बाटल्या. एका बाटलीच्या झाकणाभोवती पांढरे स्फटिक जमले आहेत. लेबलवरची तारीख पुसली गेली आहे.

इथर ३४.६ अंशांना उकळते. आपल्या नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसले आहेत. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. जुन्या इथरमध्ये पेरॉक्साइड तयार होते. त्याचे स्फटिक झाकण फिरवतानाच्या घर्षणानेही फुटू शकतात.

ते झाकण फिरवणारा हात परिचराचा असतो. त्याला हे कोणी सांगितले नव्हते. आम्ही सांगितले. त्या बाटलीला आता कोणी हात लावत नाही.

नोंद दुसरी. जतन केलेल्या नमुन्यांची खोली. फॉर्मेलिनच्या वासाने दारातच डोळे चुरचुरतात. पंखा बंद आहे. फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. आमचे सहकारी त्या खोलीत रोज तासन्‌तास बसतात.

नोंद तिसरी. वाचन कक्षातले कूलर. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अर्थिंग नाही. कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात विदर्भातल्या कोणत्या ना कोणत्या घरातला माणूस जातो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी क्षणात वीज तोडतो. तो एकाही कूलरला बसवलेला नाही.

नोंद चौथी. वसतिगृहाचा सेप्टिक टँक. मागच्या खेपेला माणूस दोराशिवाय आत उतरवला गेला. साधनांविना माणूस असा उतरवणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात वा टाकीत मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बजावले. 'तो कंत्राटदाराचा माणूस आहे', हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. तो आमचा माणूस आहे.

नोंद पाचवी. आग विझवण्याची नळकांडी मुदतबाह्य. मागच्या जिन्याला कुलूप. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निसुरक्षा कायदा सांगतो, की यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि दर जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे. आमच्या इमारतींची प्रमाणपत्रे आम्ही मागितली. ती दाखवली गेली नाहीत.

अशा नोंदी आणखी आहेत.

हे कोणाला कळत नव्हते, असे या शहरात म्हणता येत नाही. देशातल्या स्फोटकांवर आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. देशभरातले अग्निशमन अधिकारी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात घडतात. विचारायला शहराबाहेर जावे लागत नाही.

किंमतही या भागाने मोजली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळे आगीत गेली. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार गेले. त्यांत ६ महिला होत्या.

विद्यापीठात असे घडत नाही, असा समज असेल तर तो सोडा.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ साली आणलेले एक गॅमा यंत्र १९८५ पासून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले. आत कोबाल्ट-६० होते. मायापुरीच्या भंगारबाजारात ते उघडले गेले. काही जण किरणोत्साराने आजारी पडले, एक कामगार मेला. विद्यापीठाच्या कपाटात काय आहे याची नोंद न ठेवल्याचा हा परिणाम.

५ डिसेंबर २०१८. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. प्रयोगशाळेत स्फोट. एक तरुण संशोधक जागीच गेला, तिघे जखमी.

२९ डिसेंबर २००८. अमेरिकेतले लॉस एंजेलिसचे विद्यापीठ. हवेत आपोआप पेटणारे रसायन काढताना २३ वर्षांची संशोधन सहायक भाजली. अंगात ॲप्रन नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. तिथे प्राध्यापकावर आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळावर फौजदारी आरोप ठेवले गेले.

आपल्याकडेही कायदा आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. माहिती असून गप्प बसणे हा निष्काळजीपणाच.

धोका आवरण्याचा एक क्रम असतो. आधी तो मुळातून काढा. काढता येत नसेल तर कमी घातक वस्तू वापरा. तेही जमत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये आडोसा उभा करा : चालू फ्यूम हूड, झाकण, अर्थिंग. मग नियम आणि प्रशिक्षण. हातमोजे आणि मास्क सगळ्यांत शेवटी.

तुम्ही शेवटापासून सुरुवात करता. एकदा हातमोजे वाटले, फोटो काढला, विषय संपला. या वेळी तो संपणार नाही.

आता मुदत.

४८ तासांत : स्फटिक धरलेली ती बाटली जागची हलवू नका. खोली बंद करा आणि बाटली निकामी करायला तज्ज्ञ बोलवा. मागच्या जिन्याचे कुलूप काढा. अर्थिंग नसलेला प्रत्येक कूलर बंद करा.

७ दिवसांत : सुरक्षा समिती नेमा. निम्मे सदस्य कामगार, परिचर आणि विद्यार्थ्यांनी निवडलेले असतील. टाकीत माणूस उतरवणार नाही, असा लेखी आदेश काढा.

३० दिवसांत : नोंदवहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहा. उपाय काय, जबाबदार अधिकारी कोण, तारीख कोणती. ते पान प्रत्येक विभागाच्या दारावर लावा. निधीची तरतूद व्यवस्थापन परिषदेत मंजूर करा. 'निधी नाही' हा शेरा आम्ही स्वीकारणार नाही.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही मोजणी करू.

एकतिसाव्या दिवशी नोंदवहीतल्या एकाही धोकादायक खोलीत कोणी पाऊल टाकणार नाही. तिथे प्रात्यक्षिक होणार नाही, परीक्षा होणार नाही. किल्ल्या कुलसचिव कार्यालयात जमा होतील. सुरक्षित वर्गांतले तास चालू राहतील. विद्यार्थ्यांचे नुकसान आम्ही करणार नाही.

त्याच दिवशी नोंदवहीच्या प्रती कुलपती, अग्निशमन विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कामगार आयुक्तांकडे जातील. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या याचिकेचा मसुदा तयार आहे. संविधान चौकात आम्ही किती आहोत, ते दिसेल.

यात धमकी नाही. वेळापत्रक आहे.

त्याआधी कोणी होरपळले, कोणी टाकीत राहिले, कोणी कूलरला चिकटले, तर मुदतीची वाट पाहिली जाणार नाही. आणि त्या घटनेला आम्ही कोणालाही अपघात म्हणू देणार नाही.

चार निवेदने आम्ही संयमाने दिली. त्या संयमाचा अर्थ तुम्ही चुकीचा लावलात.

या पत्राची पोच द्या. तारीख आणि वेळ स्पष्ट लिहा. नोंदवही तुमच्या टेबलावर आहे. आजपासून तुम्हाला सगळे माहीत आहे.