गच्ची जमली म्हणून तलावही जमेल?

गच्चीवरच्या लेखांनी या सदराच्या वाचकांना जरा जास्तच धीर आलेला दिसतो. या आठवड्यात जबलपूरहून पत्र आलं. भेडाघाट रस्त्याला शेतघर, तिथं दहा मीटर बाय पाच मीटरचा पोहण्याचा तलाव. फरशा सुटल्यात, पाणी रोज उतरतं. गच्चीचा कोबा घरच्यांनीच केला, मग तलावाला नवं अस्तर का नाही? पावसाळ्यात तो रिकामाच असतो, तेव्हा उरकून घेऊ म्हणतात.

पावसाळ्यात! स्तंभलेखकाला घाम फुटला तो या एका शब्दानं.

गच्चीवरचं पाणी उतार धरून निघून जातं. उतार नीट असला की मिस्त्रीच्या निम्म्या चुका झाकल्या जातात. तलावातलं पाणी मुक्कामालाच आलेलं असतं. दीड मीटर खोलीला तळाच्या दर चौरस मीटरवर दीड टन भार, रात्रंदिवस. शिवाय गच्चीला खालून कुणी ढकलत नाही. तलावाला ढकलतं. पावसाळ्यात भूजल वर चढलं की रिकामा तलाव होडीसारखा उचलला जाऊ शकतो, तळ फुगून तडकतो. मदनमहाल टेकडीच्या खडकावर ज्यांचं बांधकाम आहे ते त्या मानानं सुखी. काळ्या मातीतल्यांना मातीचं फुगणं-आक्रसणंही सोसावं लागतं. आणि तलाव 22 मे 1997 च्या भूकंपाआधीचा असेल, तर भेग गिलाव्यात आहे की थेट काँक्रीटमध्ये, हे आधी पाहावं. काँक्रीटची भेग वर नवी फरशी चिकटवून बुजत नाही.

आता माल मोजा. सरासरी खोली दीड मीटर धरली तर तळ 50 आणि भिंती 45, म्हणजे 95 चौरस मीटर. दोन सेंटिमीटर गिलाव्याला सुमारे चार टन माल लागतो. गच्ची अर्धी या रविवारी, अर्धी पुढच्या रविवारी चालून जाते. तलावात दोन रविवारांमधला तो सांधाच पहिल्यांदा गळतो.

फरशांवरचा पांढरा थर ॲसिडनं काढायची कल्पना तर सोडूनच द्यावी. ॲसिडला उरलीसुरली ब्लीचिंग पावडर भेटली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड. गच्चीवर वाऱ्यानं पांगेल. रिकाम्या तलावात तळाशी, घासणाऱ्याच्या नाकाशी साचतो.

घरच्यांनी करायचं ते वेगळंच आहे. भरलेली बादली तलावाच्या पायरीवर, पाण्यात उभी पण काठ पाण्याच्या वर राहील अशी ठेवावी आणि दोन्हीकडची पातळी खुणेनं नोंदवावी. दिवसभरानं तलावाचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं, तरच गळती. नाहीतर ते जबलपूरचं ऊन आहे. नंतर फरशा ठोकाव्यात. बद्द आवाज चार-दोन ठिकाणीच आला तर तेवढ्याच बदलाव्यात, खुशाल स्वतः. निम्मा तलाव बद्द वाजला तर माणसं बोलवावीत, आणि काम पावसाआधी संपवावं.

बोलावलेली माणसं दहा वर्षांच्या गॅरंटीचं चकचकीत कार्ड देतील. स्तंभलेखकाचं हे जुनं दुखणं वाचकांना पाठ आहे : बहुतेकदा कंपनीचंच वय तीन वर्षं असतं. कार्ड खुशाल घ्यावं, पण फरशी बसवण्याआधी तलाव भरून आठवडाभर ठेवायला लावावा आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा. त्या भरण्याला 75 हजार लिटर लागतात, पाच हजारांचे पंधरा टँकर. ते कुणी आणायचे, हे करारात आधीच लिहून घ्यावं. कंत्राटदार तो विषय आपणहून काढत नाही.