चव नंतर, आधी कारागिराचा श्वास

मुंबईत लाकडाच्या भट्ट्या बंद करायचा विषय निघाला की लगेच कुणीतरी लिहितंच, "मग पावाला ती चव राहणार का?" अहो, चवीचं नंतर बघू. आधी त्या भट्टीच्या तोंडाशी रात्रभर उभा असतो त्या कारागिराचं बघू. आपल्याकडे पोहोचतो तो चिमणीतून वर जाऊन पातळ झालेला धूर. त्याच्या वाट्याला ताजा येतो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूरवाल्या हॉटेलांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. आदेश योग्यच आहे. कारण शहरात जळतं ते काही रानातलं सुकं सरपण नव्हे. स्वस्त पडतं म्हणून मोडकं फर्निचर, प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी भट्टीत जातात. लाकडाबरोबर सरस, रंग, पॉलिशही जळतं. धुरातले पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. दम्याची पोरं, हृदयरोगी यांना जास्त त्रास. आणि "कोळशाला धूर नसतो" म्हणणाऱ्यांसाठी : त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास.

पण नोटीस चिकटवली की काम झालं, असं पालिकेला वाटत असेल तर अवघड आहे. नवीन ओव्हन, वाढीव वीजभार, जागा भाड्याची असेल तर मालकाची परवानगी. गल्लीत पाइप गॅसच आला नसेल तर बेकरीवाल्याने करायचं काय? लादीमागे चार पैसे सुटणाऱ्या माणसाला स्वस्त कर्ज आणि जोडणीत प्राधान्य द्या. अर्ज करून रांगेत असलेल्याला मुदतवाढ द्या, बाकीच्यांना नको.

आणि हो, थर्टीफर्स्टला गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवणारे आपण! आपल्याला कुणी नोटीस देत नाही. सोसायटीत पालापाचोळा जाळतात तेव्हाही सगळे गप्प. वॉचमनच्या शेकोटीवर मात्र चिडतो. दिल्लीत प्रदूषण वाढलं की सोसायट्यांना रखवालदारांसाठी विजेचे हीटर द्यायला सांगतात. आपल्या मीटिंगमध्ये हा विषय कधी निघालाय?

तुमच्या भागातल्या बेकरीला गॅस जोडणी मिळाली का? किती दिवस लागले, कुठे अडलं, कमेंटमध्ये लिहा. यादी घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊ.