‘छान’ म्हणून सुटका नाही

हौशी माणसाच्या कलाकृतीविषयी चांगलेच बोलावे, निदान वाईट तरी बोलू नये, असा एक शिष्टाचार आपल्या कुटुंबांतून, शाळांतून आणि धर्मग्रामांतून पक्का रुजला आहे. त्याचा उगम सौजन्यात आहे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु या सौजन्याने एका कलावंताचे मोठे नुकसान चालविले आहे, आणि म्हणून त्याविरुद्ध लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. हा कलावंत म्हणजे स्वतःच्या हौसेने चित्रकथा काढणारा तरुण किंवा तरुणी. पूर्वी असा मुलगा हस्तलिखिताच्या पानांवर काढीत असे. आता तो मोबाईलच्या किंवा टॅबलेटच्या काचेवर काढतो आणि आठवड्याला एक पान ‘वेबकॉमिक’ म्हणून परिचितांपुढे ठेवतो. त्याबद्दल त्याच्या पदरात काय पडते? ‘छान!’, ‘मस्त!’, आणि जोडलेल्या हातांचे एक चिन्ह. क्वचित एखादा फटकळ मामा दुसरे टोक गाठतो आणि म्हणतो, ‘तुला हात काढता येत नाहीत, आधी चित्रकला शीक.’

आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही अभिप्राय एकाच जातीचे आहेत. दोन्हींत बोलणाऱ्याने चित्राकडे पाहिलेलेच नसते. पहिल्याने चित्रकाराचा चेहरा पाहिला आणि त्याचे मन मोडू नये म्हणून गोड शब्द उच्चारला. दुसऱ्याने आपली जाण मिरविण्याची संधी पाहिली आणि ती साधली. पानावर काय घडले, डोळा एका चौकटीतून दुसरीत कसा गेला, कुठे अडखळला, याची वार्ता दोघांपैकी एकानेही दिली नाही. चित्रकाराला हवी असते ती नेमकी हीच वार्ता. कारण ती त्याला स्वतःच्या बळावर मिळत नाही. कथा त्याला आधीच ठाऊक असते. आपलेच पान प्रथम पाहणाऱ्याच्या नजरेने पाहणे त्याला शक्य नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, चार चौकटींचे एक पान आहे. पहिल्या चौकटीत नातू आजोबांच्या सायकलची चावी उचलतो. दुसरीत तो ती रिकाम्या माठात टाकतो. तिसरीत आजोबा अंगणभर चावी शोधतात. चौथीत आजी त्याच माठात पाण्याची कळशी रिकामी करते आणि नातवाचा चेहरा उतरतो. सारा विनोद दुसऱ्या चौकटीतील चावीवर उभा आहे. ती जर ठिपक्याएवढी असेल आणि मागच्या भिंतीवरील रेघोट्यांत हरवली असेल, तर विनोद बुडाला. आता एक वाचक म्हणतो, ‘छान.’ दुसरा म्हणतो, ‘आजोबांचे हात दोरीसारखे झालेत.’ तिसरा म्हणतो, ‘दुसऱ्या चौकटीत मुलाच्या हातात काय आहे ते मला कळले नाही. त्यामुळे आजीने पाणी ओतल्यावर त्याचा चेहरा का पडला, हे समजायला मला पुन्हा वर जावे लागले.’

या तिघांपैकी चित्रकाराच्या उपयोगी कोण पडला, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको. तिसऱ्याला चित्रकलेतले काही कळण्याची आवश्यकताही नव्हती. आपल्याला काय दिसले आणि काय दिसले नाही, एवढेच त्याने प्रामाणिकपणे सांगितले. पुढचा विचार चित्रकाराचा. तो ती चौकट रुंद करील, किंवा केवळ हात आणि चावी जवळून दाखवील, किंवा चावीमागची जागा कोरी सोडील. आजोबांचे हात दोरीसारखे राहिले तरी विनोद तरेल. चावी दिसली नाही तर जगातील सुंदरात सुंदर हातही त्याला तारणार नाहीत.

म्हणजे चित्रकथेच्या दोषांना एक क्रम आहे, आणि अभिप्राय देणाऱ्याने तो पाळला पाहिजे. वाचणेच थांबविणारे दोष आधी. उत्तराचा फुगा प्रश्नाच्या फुग्याच्या वर बसला, तर वाचक उत्तर आधी वाचतो. दोन पात्रांचे चेहरे एकाच साच्यातले असले आणि फरक केवळ सदऱ्याच्या रंगात असला, तर सदरा बदलताच पात्र हरवते. सगळ्या रेषा सारख्याच जाडीच्या असल्या, तर माणूस मागच्या भिंतीला चिकटल्यासारखा दिसतो. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर सुबक वाटणारी अक्षरे मोबाईलवर मुंग्यांसारखी होतात. या गोष्टी कोणतीही आजी, कोणताही शाळकरी मुलगा सांगू शकतो. शरीराची प्रमाणे, छायाप्रकाश, यथार्थदर्शन यांची चर्चा त्यानंतर. आणि सौंदर्याची तर सर्वांत शेवटी.

‘मी काही चित्रकार नाही, मी काय बोलणार?’ ही सबब त्यामुळे आम्ही स्वीकारत नाही. शि. द. फडणीसांची हास्यचित्रे शब्दांवाचून बोलतात आणि ती समजायला कुणालाही कलाशाळेत जावे लागत नाही. जे पान समजून घेण्यास शिक्षण लागत नाही, ते समजले की नाही हे सांगण्यासही शिक्षण लागत नाही.

जाणकारांच्या अभिप्रायातही दोन जाती आहेत. म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांनी तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेशासाठी अर्ज केला होता. तेथे लागणारी प्रतिभा त्यांच्या रेखाटनांत दिसत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले, हे त्यांनीच पुढे आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. लक्ष्मण मोठे झाले म्हणून ते उत्तर चुकीचे ठरले, एवढ्यावर लोक ही हकीकत संपवितात. आम्हांला तिच्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. रेषेत काय उणे आहे, आकृतीत काय उणे आहे, हे त्या उत्तरात नव्हते. असे उत्तर अगदी अचूक असते तरी त्यातून शिकता येण्यासारखे काय होते? माणसाच्या प्रतिभेवर दिलेला निवाडा घेऊन चित्रकार करणार काय?

याउलट अमेरिकेतील चार्ल्स शुल्झ यांची गोष्ट पाहा. सेंट पॉल शहरात वाढलेल्या या तरुणाने शेजारच्या मिनीआपोलिस येथील एका कलाविद्यालयाचा टपालाने चालणारा अभ्यासक्रम घेतला. त्यात ‘मुलांची चित्रे’ या विभागात त्यांना ‘सी प्लस’ ही साधारण श्रेणी मिळाली. श्रेणी कमीच होती. पण ती एका विशिष्ट कामाला दिलेली होती, माणसाला नव्हे. दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर शुल्झ त्याच विद्यालयात शिक्षक झाले आणि टपालाने येणारी इतरांची चित्रे तपासू लागले. २ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका सुरू झाली आणि २००० सालच्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, त्यांनी ती स्वतःच्या हाताने काढली. तिच्यात मुख्य पात्रे कोण होती? मुलेच. ज्या कामात उणेपणा दाखविला गेला, तेच काम या माणसाने जन्मभर केले.

अशा शिक्षणाची एक पद्धत आपण उचलण्याजोगी आहे. १९४८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘फेमस आर्टिस्ट्स स्कूल’मध्ये विद्यार्थ्याचे चित्र आले की शिक्षक त्यावर पारदर्शक कागद ठेवून आपली दुरुस्ती रेखाटीत आणि सोबत पत्र लिहून कारणे देत. विद्यार्थ्याचे मूळ चित्र अबाधित राही. दुरुस्ती वरच्या कागदावर असे आणि तो कागद उचलून बाजूला ठेवण्याचा अधिकार विद्यार्थ्याचा असे. अभिप्रायाची याहून सभ्य रीत आम्हांला ठाऊक नाही. पण याच घराण्यातून पुढे लेखकांसाठी जे टपाली विद्यालय निघाले, त्याचे काय झाले, हेही ध्यानात ठेवावे. जेसिका मिटफर्ड यांनी जुलै १९७० च्या ‘अटलांटिक’ मासिकात लेख लिहून दाखवून दिले की, तेथील प्रवेशचाचणी अगदी सामान्य लेखनाचीही वाखाणणी करी, कारण वाखाणलेला माणूस शुल्क भरतो. तेथे स्तुती पैशासाठी होती. आपण ती फुकट वाटतो, एवढाच फरक. घेणाऱ्याच्या हाती दोन्हीकडे सारखेच शून्य येते.

आता चित्रकारांकडे वळू. कारण दोष केवळ देणाऱ्यांचा नाही. आजच्या हौशी चित्रकाराने एक ढाल शोधून काढली आहे. चावी दिसत नाही असे सांगितले की तो म्हणतो, ‘ही माझी शैली आहे.’ आणि पुराव्यादाखल तो परदेशी नावे पुढे करतो. ‘वन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी चित्रकाराने २००९ साली ‘वन-पंच मॅन’ अगदी ओबडधोबड रेषांत सुरू केले आणि तरी त्यावर लाखो वाचक लुब्ध झाले. २०१२ पासून युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराने तीच कथा नव्याने रेखाटली. रँडल मन्रो यांच्या २००५ साली सुरू झालेल्या ‘एक्सकेसीडी’मध्ये तर माणसे म्हणजे काड्या आणि एक वर्तुळ. मग माझ्याच रेषेला नावे का ठेवता?

युक्तिवाद आकर्षक आहे, पण उलटा आहे. या दोघांची पाने उघडून पाहावीत. रेषा साधी आहे, क्वचित वेडीवाकडीही आहे. परंतु कोण बोलतो, कोण कुणाकडे पाहतो, ठोसा कुठे बसला, याविषयी वाचकाला शंका राहत नाही. मन्रो यांची काडीही आनंदात आहे की निराशेत, हे तिच्या वाकण्यावरून कळते. शुल्झ यांचा हात उतारवयात कापू लागला आणि त्यांची रेषा थरथरू लागली. तरीही चेहऱ्यावरील भाव हरवला नाही, कारण रेषा कुठे जायची हे त्या हाताला ठाऊक होते. कापरी रेषा वेगळी आणि भरकटलेली रेषा वेगळी. चित्रकार जाणून निवडतो ती शैली. जे टाळता आले नाही त्याला शैली म्हणणे ही पळवाट होय. कोणी विचारले, ‘हे असे का?’ आणि चित्रकारापाशी उत्तर असले, तर त्याने खुशाल आपल्या मतावर ठाम राहावे. उत्तर नसेल, तर पुन्हा कागदाकडे वळावे.

अभिप्राय घेणाऱ्याने पाळावयाचा पहिला नियम आमच्या मते मौनाचा आहे. ‘अहो, चावी आहे ना, नीट बघा!’ असे तो सांगू लागला की अभिप्राय तेथेच मरतो. हा वाचक त्याला विचारू शकला. उद्याच्या वाचकाच्या खांद्याशी उभे राहून चावी दाखवायला चित्रकार जाणार आहे काय? दुसरा नियम विचारण्याचा. ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘छान’ हेच उत्तर मिळणार. ‘या पानात काय घडले ते मला सांग,’ असे विचारावे आणि ऐकत बसावे. तेही रंग भरून झाल्यावर नको. कच्चे रेखाटन असतानाच, म्हणजे बदलताना जीव तुटणार नाही. तिसरा नियम विवेकाचा. कुठे दुखते हे रोग्याला बरोबर कळते, औषध मात्र त्याला कळेलच असे नाही. तीन वाचक एकाच चौकटीत अडखळले, तर चौकट सदोष आहे हे मानावे. पण ती कशी सुधारावी याविषयी तिघांनी दिलेले तीन सल्ले नाकारण्याचा चित्रकाराला पूर्ण अधिकार आहे.

‘हौसेने करतो आहे, त्याला इतके कशाला?’ असे अजूनही कुणी म्हणेल. त्यांनी एक गोष्ट विचारात घ्यावी. छापील चित्रकथा वाचकापर्यंत पोहोचण्यापूर्वी संपादकाच्या नजरेखालून जाते; चावी दिसत नाही, हे तो सांगतो. आपल्या हौशी मुलाच्या पानाला संपादक नाही. ते काढले त्याच संध्याकाळी वाचकांपुढे येते. वाचकानेच सांगितले नाही, तर सांगणारा दुसरा कुणीही उरत नाही. शिवाय हौस म्हणजे कमी प्रतीचे काम, हे समीकरण कुणी ठरविले? वसंत सरवटे व्यवसायाने अभियंता होते. म्हणून मराठी रसिकांनी त्यांच्या रेषेला कमी दर्जाची मोजपट्टी लावली नाही.

आपल्या घरातला एखादा मुलगा मराठीत बोलणारी पात्रे रेखाटतो, त्यांच्या तोंडी आपल्या अंगणातले शब्द घालतो. वर्षभर केवळ ‘छान’ ऐकले की त्याच्या लक्षात येते की आपले पान कुणी वाचत नाही. आणि मग तो गुपचूप लेखणी खाली ठेवतो. त्याला कुणी दुखविले नाही, असे आपण समाधान मानतो. आमच्या मते त्याला आपणच थांबविले. पुढच्या वेळी तो आपला मोबाईल पुढे करील, तेव्हा दोन मिनिटे द्यावीत, पान पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत वाचावे आणि कुठे अडखळलो ते त्याला सांगावे. एवढे ऋण आपण त्याचे लागतो.